सव्वाचार किलोंची फ्लाइट बॅग

दिवाळीला नाशिकला घरी आले होते, तेव्हा माझ्या मामेभावाने एक यादी पाठवली. जानेवारीत त्याचे वैमानिक प्रशिक्षण सुरू होणार आहे आणि त्याआधी काय काय विकत घ्यायला हवे, याची त्याने परदेशी व्हिडिओंवरून जुळवाजुळव करून सत्तावीस वस्तूंची नोंद केली होती. बेरीज एक लाख ब्याण्णव हजारांवर पोहोचली होती आणि खाली त्याने लिहिले होते, "ताई, काही राहिले असेल तर सांग." राहिले काहीच नव्हते, काढायचे मात्र बरेच होते.

त्याला फोनवर समजावण्यापेक्षा मी माझी उड्डाणाची बॅग जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. आईने फराळाचे डबे बाजूला सरकवून जागा करून दिली. प्रवासाच्या सामानाचे वजन करायचा हुकाचा काटा घरात असल्यामुळे ती मोजूनही पाहिली. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी ही बॅग नऊ किलोंच्या वर होती. एकशे चाळीस तासांचे उड्डाण झाल्यानंतर ती सव्वाचार किलो भरली. मधल्या काळात जे गळून पडले त्यातले बहुतेक सगळे मी हौसेने घेतलेले होते, आणि जे उरले त्यातले काही मला पहिल्या दिवशी ठाऊकही नव्हते. जी वस्तू आपल्या कानाला, डोळ्यांना, मांडीला किंवा पाठीला टेकलेली असते ती स्वतःची आणि स्वतःच्या मापाची हवी. बाकीची प्रशिक्षण संस्थेत असते, किंवा तो टप्पा आला की घेता येते. यादीतल्या सत्तावीसही वस्तूंना मी हाच एक निकष लावला.

सुरुवात हेडसेटपासून करते, कारण सर्वाधिक पैसा तिथेच जातो आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात. नाशिककरांना विमानाच्या आवाजाचे अप्रूप नाही. नाशिकमधल्या गांधीनगरच्या लष्करी तळावरची चीता आणि चेतक हेलिकॉप्टरे उपनगराच्या गच्च्यांवरून जात असतात, आणि ओझरच्या कारखान्यातून आधी मिग व नंतर सुखोई आकाशात चढताना पाहत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. तरीही बाहेरून ऐकलेला आवाज आणि सेसना १७२ या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या आत बसून तास-दीड तास सोसलेला आवाज यांत मोठे अंतर आहे. चढताना आतला आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. दोनशे तास हा आवाज उघड्या कानांनी ऐकणारा माणूस पुढच्या वैद्यकीय तपासणीत ऑडिओमेट्रीच्या (श्रवणचाचणीच्या) खोलीत बसल्यावर काय ऐकणार, याचा विचार आधीच करायला हवा.

संस्थेत सार्वजनिक हेडसेट असतात. पहिल्या आठ-दहा सॉर्टींना (उड्डाणांना) ते चालतात. पण त्यांच्या कानाच्या गाद्या अनेकांच्या घामाने कडक झालेल्या असतात आणि मायक्रोफोनवरचा स्पंज कुणाकुणाच्या ओठांना लागलेला असतो, हे एकदा लक्षात आले की स्वतःचा हेडसेट ही चैन वाटेनाशी होते. हेडसेटचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक साधा, म्हणजे पॅसिव्ह, जो फक्त गादीच्या दाबाने आवाज अडवतो. डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरवा एच१०-१३.४ हा त्यातला सर्वांना माहीत असलेला नमुना. तो सुमारे २३ डेसिबल आवाज कमी करतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याचा प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. दुसरा प्रकार एएनआर (अ‍ॅक्टिव्ह नॉइज रिडक्शन), ज्यात हेडसेटमधला छोटा मायक्रोफोन इंजिनाची घरघर टिपतो आणि त्याच्या नेमक्या उलट लहरी कानात सोडून ती मिटवतो. बोस ए२० आणि त्यानंतर आलेला ए३० हे या प्रकारातले सर्वांच्या परिचयाचे. त्यांची किंमत आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते.

भावाच्या यादीत ए३० होता. तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या बॅचमधल्या एकाकडे आहे आणि तो दीड तासाच्या क्रॉस-कंट्रीनंतर (दूरच्या ठिकाणापर्यंतच्या उड्डाणानंतर) माझ्यापेक्षा ताजातवाना उतरतो, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु त्या पैशांत बरीच उड्डाणे होतात, आणि विद्यार्थिदशेत मिळालेला उड्डाणाचा एक तास हेडसेटच्या शांततेपेक्षा मोलाचा आहे, असे माझे मत आहे. एअरलाइनमध्ये लागल्यावर पहिल्या पगारात घ्यावा. शिवाय एएनआरला दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते संपले की तो साध्या हेडसेटसारखाच वागतो, तोही बहुधा एखाद्या चांगल्या साध्या हेडसेटपेक्षा कमी प्रतीचा.

माझी स्वतःची चूक मात्र महागाईची नव्हती, स्वस्ताईची होती. जुन्या वस्तूंच्या एका जाहिरातीत जवळपास नवा दिसणारा हेडसेट निम्म्याहून कमी किमतीत मिळाला म्हणून मी घेतला. खोका उघडल्यावर लक्षात आले की वायरीच्या टोकाला एकच जाड प्लग आहे. आपल्या प्रशिक्षण विमानांत दोन प्लग लागतात: एक ऐकण्याचा, पाव इंच जाडीचा, आणि दुसरा बोलण्याचा, त्याहून किंचित बारीक. असा एकच प्लग असलेला हेडसेट बहुधा हेलिकॉप्टरचा असतो. जोडणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण तो हेडसेट लष्करी निघाला आणि लष्करी मायक्रोफोनचा विद्युतरोध नागरी विमानांच्या रेडिओला जुळणारा नसतो. अ‍ॅडॉप्टर लावून मी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला जे बोलले ते टॉवरला माठात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू गेले असावे. म्हणून जुना हेडसेट घ्यायचा असेल तर आधी प्लग मोजावेत. दोन हवेत, आणि त्यांची जाडी वेगवेगळी हवी.

हेडसेट घेताना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. चष्मा लावून तो घालून पाहा. चष्म्याची काडी जाड असेल तर गादी आणि कानामागची त्वचा यांच्यामध्ये फट पडते, त्या फटीतून सगळा आवाज आत शिरतो आणि तासाभराने कानाच्या वर हाडावर असे दुखते की उतरतानाची चेकलिस्ट वाचणे जिवावर येते. मी वर्षभर हेडसेटला दोष देत होते. दोष काड्यांचा होता. बारीक, सपाट, धातूच्या काड्यांचा चष्मा केला आणि तोच हेडसेट एकाएकी शांत झाला. मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ, स्पंज ओठाला जवळजवळ लागेल इतका जवळ ठेवावा. हनुवटीखाली लोंबकळणारा मायक्रोफोन तुमच्यापेक्षा इंजिनाचेच बोलणे अधिक पोहोचवतो.

चष्म्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर चष्मा अनिवार्य अशी नोंद असेल, तर उड्डाणाच्या वेळी दुसरा जादा चष्मा हाताशी असावा लागतो. हा सल्ला नसून अट आहे. माझा जादा चष्मा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असतो, जिथे पट्टा लावलेल्या अवस्थेत डाव्या हाताने पोहोचता येते. उन्हाचा चष्मा घेताना पोलरॉइड काचा टाळाव्यात. रस्त्यावर आणि गोदाघाटावर त्या छान असतात, पण ग्लास कॉकपिटच्या डिजिटल पडद्यांवर त्या घात करतात: मान थोडी कलली की पडदा काळवंडतो आणि क्षणभर वाटते की यंत्रच बंद पडले. साध्या करड्या काचेचा चष्मा घ्यावा. रंग खरे दिसतात.

घड्याळाबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण ही अडचण खास आपली आहे. विमान वाहतुकीत फ्लाइट प्लॅन, हवामानाचे अहवाल आणि लॉगबुक यांतल्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आणि आपली प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. बऱ्याच देशांत फक्त तासाचा काटा बदलावा लागतो, मिनिटे तीच राहतात. आपल्याकडे मिनिटेही बदलतात. सकाळी ९ वाजून १० मिनिटे म्हणजे यूटीसी ३ वाजून ४० मिनिटे, आणि सकाळी पाचला उठून, प्रीफ्लाइट (उड्डाणापूर्वीची तपासणी) करून, हवामान पाहून घामाघूम झालेल्या डोक्याला ही वजाबाकी नेमकी नको त्या क्षणी करावी लागते. पहिल्या महिन्यात मी दोन वेळा केवळ पाच तास वजा करून मोकळी झाले होते. वैमानिकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, २४ तासांचा चौथा काटा असलेल्या महागड्या घड्याळांचा इथे उपयोग होत नाही, कारण त्यांचा मिनिटकाटा दोन्ही वेळांना सामाईक असतो. चौथा काटा दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी उभा राहतो आणि अर्धा तास शेवटी मनातच वजा करावा लागतो. नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेले दीड हजारांचे साधे डिजिटल घड्याळ, ज्यात दोन स्वतंत्र वेळा आणि स्टॉपवॉच आहे, माझे काम चोख करते. भावाच्या यादीतले घड्याळ अठ्ठावीस हजारांचे होते. त्यावर मी लाल रेघ मारली.

नीबोर्ड, म्हणजे मांडीला पट्ट्याने बांधायची पाटी. ही हवीच, टॉवरने दिलेली धावपट्टी, वारा, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) आणि मंजुरी लिहायला दुसरी जागा नसते. परंतु मी घेतलेला पहिला नीबोर्ड तीन घड्यांचा, जाड, खिशाखिशांचा होता आणि तो मी उजव्या मांडीला बांधत असे. एका दुपारी उजवीकडून वारा होता. उतरताना मी नियमाप्रमाणे उजवीकडे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) दिला, योक (विमान वळवायचे हातातले चाक) उजवीकडे वळला, त्याचे उजवे टोक खाली आले आणि नीबोर्डच्या घडीवर जाऊन टेकले. हवे होते त्याहून थोडे अलीकडेच योक थांबला. इन्स्ट्रक्टर शेजारी होते, त्यांनी नियंत्रण घेतले आणि आम्ही व्यवस्थित उतरलो, टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवत नेताना) ते एवढेच म्हणाले, "ते दप्तर घरी ठेवायचे." आता माझ्याकडे ए-५ आकाराची, एका पत्र्याची, साध्या चिमट्याची पाटी आहे. जमिनीवर असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पाटी बांधलेल्या अवस्थेत योक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आणि पूर्ण मागे ओढून पाहायचा, हे माझ्या चेकलिस्टमध्ये मी स्वतः पेनने लिहून टाकले आहे. ज्यांच्या विमानात योकऐवजी मध्ये दांडा असतो, त्यांनी तर पाटीची रुंदी दोन मांड्यांमध्ये बसून मोजूनच घ्यावी.

पाटीला पेन्सिल दोऱ्याने बांधलेली असावी. सुटी पेन्सिल कॉकपिटमध्ये पडली की ती नेहमी पायाने दाबायच्या रडर पेडलच्याच दिशेने घरंगळते, आणि पेडलखाली अडकलेली वस्तू ही किरकोळ बाब नाही. याच कारणाने मी सुटी नाणी आणि किल्ल्यांचा जुडगा कधीच कॉकपिटमध्ये नेत नाही. पेन्सिल दोन टोकांची, शिसे मऊ, २बी असेल तर उत्तम. हलत्या विमानात कडक पेन्सिलीचे लिहिलेले नंतर वाचता येत नाही.

इंधन तपासण्याचा पारदर्शक पेला शे-दोनशे ग्रॅमचा, स्वस्त आणि दिसायला अगदी मामुली असतो. तो संस्थेत असतो, तरीही मी स्वतःचा ठेवते, कारण सामायिक पेला नेमका दुसऱ्या विमानावर गेलेला असतो आणि मग 'कालच तर भरले होते' असे मन स्वतःला समजावू लागते. पिस्टन इंजिनाच्या विमानांत वापरले जाणारे १००एलएल इंधन निळसर असते. पूर्वी आपण ते बाहेरून मागवत होतो. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणले. पाणी इंधनापेक्षा जड असल्यामुळे पेल्यात तळाशी बसते आणि मधे एक रेघ दिसते, असे सगळेच शिकवतात. पण पेल्यात सगळेच पाणी आले तर? मग रेघ दिसणारच नाही. पेला वर धरून आकाशाकडे पाहिले, तर आकाशाचा निळा रंग त्या पाण्यातून दिसेल आणि तुम्ही समाधानाने पुढच्या ड्रेनकडे (इंधन काढून पाहायच्या तोटीकडे) वळाल. म्हणून पेला पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धरावा आणि वासही घ्यावा. सेसना १७२ एस मॉडेलमध्ये अशा तपासणीच्या १३ जागा आहेत. पावसाळ्यात, रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या बाबतीत, तेराव्या जागेचाही कंटाळा करू नये. ऑगस्टमध्ये एका सकाळी माझ्या पेल्यात तळाला करंगळीच्या नखाएवढे पाणी आले होते. ते स्वच्छ इंधन येईपर्यंत चार वेळा काढावे लागले.

नेव्हिगेशनची साधने पहिल्याच महिन्यात विकत घेऊ नयेत. क्रॉस-कंट्रीचा टप्पा येईपर्यंत ती बॅगेत नुसती वाकतात. अपवाद फिरत्या चकतीच्या फ्लाइट कॉम्प्युटरचा, जो थिअरीच्या परीक्षेसाठी लवकर हाताळलेला बरा. १९३० च्या दशकात अमेरिकेत फिलिप डाल्टन यांनी घडवलेल्या या साधनाला ना सेल लागतो ना चार्जिंग. त्याच्यावर वारा, वेग, इंधन सगळे निघते. मी पहिल्यांदा त्याच्यावर काढले ते आपल्याच गावाचे गणित. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४० अंश झाले, तर फरक २९ अंशांचा, आणि दर अंशाला १२० फूट या ढोबळ हिशेबाने घनता-उंची सुमारे साडेपाच हजार फुटांवर जाते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने आपण त्या दुपारी महाबळेश्वरच्याही बरेच वर उभे असतो. धावपट्टी लांब लागते आणि चढाई सुस्तावते. हे गणित फोनवरही होते, पण चकती हाताने फिरवली की तापमान वाढते तसा आकडा कसा सरकतो, ते बोटांना कळते.

नकाशावर अंतर मोजण्याची पट्टी विसरलात तर घाबरू नका. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, त्यामुळे पेन्सिलीवर अंतर धरून ते नकाशावरच्या उभ्या रेषेवर मोजावे. आडव्या रेषेवर मोजू नये, कारण आपल्या वीस अंश अक्षांशावर रेखांशाचे मिनिट सुमारे ०.९४ मैलांचे असते आणि शंभर मैलांत सहा मैलांची चूक होते. माझा पहिला सोलो (एकटीने केलेला) क्रॉस-कंट्री खानदेशातून नाशिकच्या दिशेने होता. पावसाळ्यानंतर सगळी लहान तळी सारखीच दिसत होती, पण मनमाडचे रूळ आणि हडबीच्या शेंडीचा तो उभा सुळका यांनी मला सांभाळून घेतले. त्या सुळक्याला नकाशावर मी आधीच पेन्सिलीने गोल केला होता. लहानपणी शिर्डीला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेली ती शेंडी वरून अगदीच बारीक, टोचल्यासारखी दिसली.

टॅब्लेटबद्दल माझे मत थोडे जुनाट वाटेल. तो असावा, एअरपोर्ट्स अथॉरिटीची एआयपी (वैमानिकांसाठीची अधिकृत माहितीपुस्तिका) मोफत वाचता येते आणि चार्ट त्यात नीट राहतात. पण आयपॅडसाठी कंपनीने दिलेली वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंतची आहे, आणि मे महिन्यात खानदेशात सावलीतच ४३-४४ अंश असतात. काचेखाली, मांडीवर, उन्हात ठेवलेला माझा टॅब्लेट गिरणा धरणाच्या वर काळा पडला आणि त्यावर फक्त थर्मामीटरचे चित्र उरले. तेव्हा कागद बाहेर काढला. त्यानंतर कागद पाटीवर आणि टॅब्लेट बॅगेत, असा क्रम ठरला आहे.

यादीतल्या काही वस्तू केवळ महाग नव्हत्या, आपल्याकडे अडचणीत आणणाऱ्या होत्या. हातात धरायचा, बोलता येणारा एअरबँड (विमानांच्या संवादलहरींचा) रेडिओ परदेशी विद्यार्थी सर्रास बाळगतात. आपल्याकडे तो परवान्याशिवाय बाळगता येत नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी छोटी यंत्रे परवानगीशिवाय जवळ ठेवल्याबद्दल आपल्या विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. विमानाबाहेर लावायच्या कॅमेऱ्यावरही मी काट मारली. हवेतून छायाचित्रे घेण्यावर निर्बंध आहेत, आणि ज्या जिल्ह्यात ओझरचा कारखाना, गांधीनगरचा तळ आणि देवळालीची तोफखान्याची रेंज आहे, तिथल्या मुलाने तरी हे विसरू नये.

रात्रीच्या उड्डाणासाठी डोक्याला बांधायचा दिवा घ्यावा. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी) रात्रीचे पाच तास लागतात, तेव्हा तो त्या सुमारास घेतला तरी चालतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या झोताने तो एका क्षणात वाया जातो, म्हणून लाल उजेडाचा दिवा वापरतात. मात्र लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेषा नाहीशा होतात, हे मला रात्री एप्रनवरच (विमाने उभी करायच्या जागेवरच) कळले. अगदी मंद करता येणारा पांढरा उजेडही त्यात असावा. सेल हेडसेटला लागतात त्याच मापाचे असतील तर एकच जादा जोडी दोघांनाही पुरते.

कपड्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट, एप्रनवर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट. बुटांचा तळ जाड असला की ब्रेक किती दाबला ते पायाला कळत नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे चिकटवायचे कार्ड थंडीत जरूर घ्यावे: निफाडचा पारा एक आकडी होतो त्या पहाटे कॉकपिटचा हीटर सुरू केला की एक्झॉस्टच्या पाइपाभोवती तापलेली हवा आत येते, आणि त्या पाइपाला चीर असेल तर वास न येणारा वायूही येतो. उघडल्यावर ते कार्ड काही महिन्यांतच निकामी होते, म्हणून मागच्या बाजूला तारीख लिहून ठेवावी.

लॉगबुक हे बॅगेतले सर्वांत हलके आणि सर्वांत मौल्यवान. त्यात सीपीएलसाठीचे दोनशे तास, त्यातले शंभर पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक) म्हणून, असे सगळे पुराव्यानिशी उभे राहायला हवे, आणि शेवटच्या नोंदीनंतरही ते पाच वर्षे जपावे लागते. मी सुरुवातीला जेल पेनने सुंदर अक्षरात नोंदी केल्या. जुलैमध्ये पाण्याच्या बाटलीचे झाकण सैल राहिले आणि सहा पानांवरचे माझे अक्षर निळ्या ढगांसारखे पसरले. इन्स्ट्रक्टरांच्या सह्या तेवढ्या शाबूत राहिल्या, कारण त्यांनी साध्या बॉलपेनने केल्या होत्या. त्या सहा पानांच्या नोंदी संस्थेच्या नोंदवहीशी ताडून पुन्हा साक्षांकित करून घेण्यात तीन आठवडे गेले. आता लॉगबुक झिपच्या प्लास्टिक पिशवीत असते, पाण्याची बाटली बॅगेच्या बाहेर टांगलेली असते, आणि दर रविवारी त्या आठवड्याच्या पानाचा फोटो आईच्या फोनवर जातो.

टेबलावर शेवटी उरली ती एक वस्तू पाहून भावाला हसू आले. ती एक चौकोनी, अडीच इंच जाडीची, जुन्या नऊवारीच्या तुकड्यांनी शिवलेली उशी आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. सेसनाची सीट पूर्ण वर केली तरी मला कॉकपिटच्या पुढच्या कडेवरून धावपट्टीचे शेवटचे टोक दिसत नसे, आणि उतरताना नाक वर उचलले की समोर फक्त आकाश. बाराव्या तासापर्यंत माझा प्रत्येक फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर उचलणे) अंदाजपंचे होता. बाजारातली फोमची उशी आणली, पण ती बसल्याबसल्या दबत असे. उड्डाणाच्या सुरुवातीला डोळे ज्या उंचीवर असत, तासाभराने उतरताना त्याहून इंचभर खाली, आणि धावपट्टीचे जे चित्र मनात बसवायचे तेच रोज वेगळे. सुट्टीत घरी आल्यावर हे सगळे मी आजीला सांगितले, तेव्हा तिने कॉकपिट म्हणजे काय असे विचारले नाही. "दबणार नाही अशी हवी ना?" एवढेच विचारले आणि गोधडीचे थर एकावर एक घालून, बोटाबोटाच्या अंतरावर धावदोरे टाकून ही उशी चार दिवसांत शिवली. ती वीटेसारखी घट्ट आहे. इन्स्ट्रक्टरांनी आधी ती सीटवर ठेवून पट्टा नीट बसतो का, दोन्ही पेडल शेवटपर्यंत दाबता येतात का, आणि सीट रुळावर पक्की अडकली आहे का हे तपासले, मग परवानगी दिली. त्यानंतर सातव्या तासाला माझा सोलो झाला.

भावाच्या यादीत आता नऊ वस्तू आहेत आणि बेरीज एकोणपन्नास हजारांवर आली आहे, त्यातला बराचसा भाग साध्या हेडसेटचा. उशीची ओळ त्याने स्वतःहून लिहिली होती, ती मी खोडली. तो पाच फूट अकरा इंच आहे. हेडसेटची पट्टी छताला घासेल, ही त्याची काळजी आहे.